मोकळा हॉल

अप्पांना दिसत नाही, हे जुन्या घरी आलेल्या माणसाला तासभर तरी कळायचं नाही. एकदा वीजमीटर वाचायला नवा माणूस आला. अप्पांनी दार उघडलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढून मीटरच्या पेटीचं झाकण उघडून दिलं. तो माणूस खिशात पेन शोधत म्हणाला, "काका, चढलाच आहात तर आकडा पण सांगा ना."

"आकडा तुम्हीच बघा," अप्पा म्हणाले. "मला दिसत असतं तर तुमच्या खात्याने मलाच नसतं का घेतलं?"

तो बिचारा किती वेळ माफी मागत होता. अप्पा मात्र पुढे आठवडाभर येईल त्याला हा किस्सा रंगवून सांगत होते.

ऐन तरुणपणी एका तापात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले, आणि त्यावरच त्यांनी संसार केला. हॉटेलांच्या, ऑफिसांच्या, जुन्या घरांच्या फाटक्या बैठकीच्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या. मागच्या खोलीत पाण्याच्या टबात वेत भिजत पडलेला असायचा, आणि तो ओला, गवतासारखा वास घरभर असायचा. खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. अप्पांनी पावलं कधी मोजली नाहीत. मोजायची गरजच नव्हती. पुढच्या खोलीत पायाखाली फरशीचा एक तुकडा हलायचा, मधल्या दाराचा उंबरा मधोमध झिजलेला होता, स्वयंपाकघरापाशी भिंतीचा पोपडा निघून हाताला खरखरीत लागायचं. घर त्यांना जागोजागी सांगत असायचं, तुम्ही इथे आहात. हातात भरलेला चहाचा कप घेऊन ते सबंध घर फिरायचे, आणि थेंब सांडायचा नाही.

पण घर म्हातारं झालं होतं. छताच्या तुळईला वाळवी लागली होती. हात लावला की भुसा गळायचा. मुलगा बरेच दिवस मागे लागला होता, "अप्पा, हे पाडून नवं बांधू या." अप्पा ऐकल्यासारखं करायचे आणि विषय बदलायचे. मग एके दिवशी दुपारी माई, म्हणजे अप्पांची बायको, स्वयंपाकघरात भांडी लावत असताना तुळईचा एक तुकडा तिच्या अगदी मागे येऊन पडला. तिला काही लागलं नाही, पण त्या आवाजाने अप्पा मागच्या खोलीतून धावत आले.

त्यानंतर नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

"तुमच्या दोघांसाठीच करतोय, अप्पा," मुलगा म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. स्वतःची सगळी हौसमौज बाजूला ठेवून तो या कामाला लागला होता. सून नोकरी सांभाळून नळांपासून कड्यांपर्यंत सगळं शोधत हिंडत होती. आणि माईला तर उमेदच आली होती. इतकी वर्षं ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात धुरात डोळे पुसत उभी राहिली होती. "मला खिडकी पाहिजे," ती सारखी म्हणायची. "ओट्यासमोर. मोठी."

घर पाडायच्या दिवशी अप्पा हट्टाने तिथे गेले. समोरच्या दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवलं. आधी कौलं उतरवली, त्याचा आवाज नीट कळत होता. मग घाव पडायला लागले. कुठली भिंत पडते आहे ते अप्पा आवाजावरून ओळखत होते, आणि थोड्या वेळाने त्यांना ते ओळखता येईना. एकच मोठा गडगडाट झाला, आणि धुळीने त्यांना ठसका लागला. "चला आता," मुलगा म्हणाला. अप्पा निमूटपणे उठले.

भाड्याच्या जागेत त्यांचे फार हाल झाले. दोन खोल्या, त्याही वरच्या मजल्यावर. वेत भिजवायला जागा नव्हती, त्यामुळे काम बंद. आलेल्या खुर्च्या त्यांनी परत पाठवल्या. दिवसभर ते खिडकीपाशी बसून राहायचे. हात रिकामे राहीनात, म्हणून कधी सुतळीचा तुकडा घेऊन त्याला गाठी मारायचे आणि सोडवायचे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं सगळेच म्हणत होते. पण बांधकामाचं नेहमीचंच. आज वाळू नाही, उद्या माणसं गावाला गेली, परवा ठेकेदाराचा फोन लागत नाही. माई रोज विचारायची आणि मुलगा रोज चिडायचा.

एके दिवशी मुलगा नकाशा घेऊन आला. त्याने टेबलावर कागद पसरला, अप्पांचं बोट धरलं आणि त्यावरून फिरवायला लागला.

"हे बघा, हे पुढचं दार. इथून आत आलात की हा हॉल."

"हं."

"हा असा पार इथपर्यंत. डावीकडे स्वयंपाकघर."

बोटाखाली नुसता गुळगुळीत कागद होता. अप्पांनी विचारलं, "मधली भिंत कुठे आहे?"

"भिंत नाहीच! सगळं मोकळं ठेवलंय. तुम्हाला अडथळाच नको कशाचा. कोंदट घरात आयुष्य काढलंत, आता मोकळं फिरा."

"आणि उंबरे?"

"उंबरे कशाला? पाय अडकून पडाल. सगळं एका पातळीत, आरशासारखं."

माई शेजारीच बसली होती. "अहो, खिडकी किती मोठी काढलीय म्हणून सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज लग्नात होता तसा झाला होता. अप्पांना बोलायचं होतं. काय बोलायचं ते त्यांच्या मनात नीट जुळूनही आलं होतं. पण तो आवाज ऐकला आणि त्यांनी नकाशावरून बोट उचललं.

"छान आहे," ते म्हणाले.

भिंती उभ्या राहिल्या तसे ते मुलाबरोबर अधूनमधून जागेवर जायला लागले. विटांवरून हात फिरवत ते घर शिकत होते. मिस्त्री भला माणूस होता. तो त्यांना बोलवून न्यायचा, "अप्पा, हे बघा, इथे तुमची खोली. हा दरवाजा. हा कोपरा." पायाखाली खडी होती, विटांना कडा होत्या, चौकटी खडबडीत होत्या. अप्पांना धीर आला. स्वयंपाकघराला अजून एक अर्धी भिंत होती, तिच्यावर हात ठेवून ते वळायचे. "जमतंय की," असं ते घरी येऊन माईला म्हणालेही.

मग पुढच्या खेपेला ती अर्धी भिंत सापडेना. अप्पा हात पुढे करून चालत राहिले आणि समोरच्या सिमेंटच्या गोणीवर आदळले.

"अहो, ती काढायला लावली मी," बरोबर आलेली माई म्हणाली. "उजेड अडत होता."

त्यानंतर प्लॅस्टर आलं, रंग आला, फरशा आल्या. हाताला लागणारं एकेक करून सगळं गुळगुळीत होत गेलं. दर खेपेला अप्पा जे शिकून यायचे ते पुढच्या खेपेला पुसलेलं असायचं. शेवटी त्यांनी जाणंच सोडलं. "एकदम तयार झाल्यावर बघू," ते म्हणाले, आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

घर झालं. राहायला गेले, आणि त्यांनी नातेवाईक, जुने शेजारी, मुलाच्या ऑफिसची माणसं अशा सगळ्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं. घर बघून सगळ्यांचे डोळे दिपले. खिडकीचं कौतुक झालं, फरशीचं झालं, सुनेच्या निवडीचं झालं. माईला तर काय दाखवू आणि काय नको असं झालं होतं. एकेकाला ओट्यापाशी नेऊन ती खिडकी उघडूनमिटून दाखवत होती.

अप्पांना सोफ्यावर बसवलं होतं. बराच वेळ ते हसतमुखाने लोकांशी बोलले. मग त्यांना बाथरूमला जायचं झालं. कोणाला सांगावं? जवळ कोण उभं आहे तेही कळेना, कारण त्या हॉलमध्ये आवाज घुमायचे, समोरचा माणूस मागून बोलल्यासारखा वाटायचा. आणि आपल्या घरात बाथरूम कुठे आहे, हे पाहुण्याला विचारायचं तरी कसं? ते उठले. बाथरूमच्या दिशेने, म्हणजे ज्या दिशेला ते असावं असं वाटलं तिकडे, चालायला लागले.

चालले, आणि काहीच आलं नाही. उंबरा नाही, चौकट नाही, हलणारी फरशी नाही. हात पुढे केला तर हवा. थोडं डावीकडे वळले, पुन्हा हवा. मग आपण कितपत वळलो हेच त्यांना कळेना. सोफा कुठे राहिला तेही समजेना. एवढ्या माणसांच्या मधोमध ते हात पुढे करून थांबले. घाम फुटला. अखेर बोटांना कापड लागलं, त्यांनी ते घट्ट धरलं. तो पडदा होता. पडद्यामागे काच होती. ते काचेकडे तोंड करून, पडदा मुठीत धरून उभे राहिले.

हळूहळू बोलणं थांबलं. जुने एक शेजारी जवळ आले. भिंतीला भिंत लावून सगळी वर्षं राहिलेला माणूस.

"अप्पा, काय होतंय? बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे मी."

"मग असे का उभे..." आणि शेजाऱ्यांना मध्येच आठवलं. ते विसरूनच गेले होते. त्यांनी घाईघाईने अप्पांचा दंड धरला. "या, या. असे या. हळू."

अप्पांशी ते आयुष्यात पहिल्यांदाच असं, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले होते. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मुलगा हातातला ट्रे तसाच धरून उभा होता. त्याला पुढे यायलाही सुचलं नाही.

पाहुणे गेल्यावर तो अप्पांच्या खोलीत आला.

"आधी का नाही बोललात?" त्याने विचारलं.

"काय बोलायचं? भिंती घाल, अंधार कर, असं?"

"घातल्या असत्या भिंती."

"आणि तुझ्या आईची खिडकी?"

मुलगा खाटेच्या कडेला टेकला. चूक कोणाचीच नव्हती, म्हणून रागवायलाही कोणी सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घर कामाला लागलं. सुनेने हॉलमध्ये सतरंज्यांची वाट केली. अप्पा त्यावरून घसरले. मग त्या गुंडाळल्या. मुलाने फरशीला खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, त्या धुतल्यावर निघून यायला लागल्या. भिंतीवर टिकटिक करणारं मोठं घड्याळ लावलं, तर त्या घुमणाऱ्या हॉलमध्ये त्याची टिकटिक चारी बाजूंनी यायची. "सगळीकडे एकच वाजलंय," अप्पा म्हणाले, आणि सून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. अप्पांना उलट तिचीच समजूत घालावी लागली.

शेवटी मुलाने अप्पांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेतला, दवाखान्यात असतो तसा. त्याला धरून अप्पा तेवढं नीट जायला शिकले. खोलीच्या मागच्या बाजूला टब ठेवला, वेत पुन्हा भिजायला लागला, खुर्च्या यायला लागल्या. हात पूर्वीसारखेच चालत होते. खोलीच्या आत ते तेच अप्पा होते. दांडा संपला की मात्र संपलं.

एकदा माई त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "मला दिसतं ना, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. आपण परत जाऊ या का?" आणि मग तिलाच कळलं की परत जायला आता काही नाही. जुनं घर याच घराच्या खाली होतं.

"खिडकीतून काय दिसतं गं?" अप्पांनी विचारलं.

ती सांगायला लागली. समोरचा रस्ता, सायकलवरून जाणारी पोरं, पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. ती मन लावून सांगत होती आणि ते दुसऱ्या कोणाच्या घरचं ऐकावं तसं ऐकत होते.

दृष्टी गेली तेव्हा अप्पांनी तिला बजावलं होतं की मला हाताला धरून न्यायचं नाही, आणि तिने ते सगळं आयुष्य पाळलं होतं. आता रोज चहाच्या वेळी ते दांड्याच्या टोकाशी येऊन थांबतात आणि "अगं" म्हणून हाक मारतात. ती कधी लगेच येते, कधी ओट्यावरचं हातातलं टाकून यायला तिला वेळ लागतो. ती आली की ते तिचा दंड धरतात, आणि ती नेईल तिकडून हॉल ओलांडतात. चहा सोफ्यावर बसल्यावरच हातात मिळतो, तोही अर्धा भरलेला. अप्पा कप दोन्ही हातांनी धरून सावकाश पितात, आणि संपला की कोणीतरी तो घेऊन जाईपर्यंत तसाच धरून ठेवतात, कारण टीपॉय नेमका कुठे आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही.