फाटकाशी थांबलेली मावशी

आम्ही डुकरं पाळणार म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांनी नाक मुरडलं होतं. सासरच्या गावात तर लोकांनी तोंडावरच विचारलं, दुसरं काही मिळालं नाही का? हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांवरचं उरलंसुरलं अन्न, राईस मिलचा कोंडा आणि नवऱ्याचे कष्ट, एवढ्या भांडवलावर शेताच्या कडेला शेड उभी राहिली. कष्ट माझे आणि तोंड तिचं, असं नवरा म्हणतो. अगदीच खोटं नाही.

शिकवायला मात्र मावशी होती. नात्यातली नव्हे. गावाच्या टोकाला एकटी राहायची, पिढ्यान् पिढ्या डुकरं पाळणाऱ्या घरातली. डुकरीण व्यायला झाली की धानाची तणस, म्हणजे पेंढा, कशी पसरायची, पिल्लं आईच्या अंगाखाली चेंगरू नयेत म्हणून काय करायचं, सगळं तिनं मला हाताला धरून शिकवलं. मी चुकले की शिव्या, आणि शिव्यांनंतर चहा.

दहा-बारा वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला असताना आमच्या शेडमध्ये काहीतरी बिनसलं. डुकरिणी खाणं सोडून पडून राहिल्या. मग एक गाभडली, तिच्यामागं दुसरी. तिसरी वेळेआधीच व्यायली. तिची पिल्लं पोटं आत ओढून धापा टाकायची आणि एकेक करून मान टाकायची. मी त्यांना पदरात गुंडाळून चुलीजवळ बसायचे. काही उपयोग झाला नाही.

जनावरांचे डॉक्टर येऊन रक्ताचे नमुने घेऊन गेले. अहवाल आल्यावर त्यांनी पीआरआरएस असं नाव सांगितलं. गाभ आणि श्वास दोन्हींवर घाला घालणारा विषाणू. माणसाला काही करत नाही, पण त्यावर औषधही नाही. चपलेला लागून जातो, बादलीला लागून जातो, नराबरोबर जातो. कोणाला आत घेऊ नका आणि तुम्हीही दुसऱ्यांच्या डुकरांजवळ जाऊ नका, असं त्यांनी बजावलं. माझ्या डोळ्यांसमोर मावशीच्या तीन गाभण डुकरिणी आल्या. मावशीला ना शेत ना मूल. त्या तिघींवरच तिचं सगळं वर्ष होतं.

आणि आमच्याकडं दुःखाच्या घरी माणूस बसायला येतोच. चूल पेटली नसेल म्हणून सोबत डबाही आणतो. दुसऱ्याच दिवशी मावशी भात-भाजीचा डबा घेऊन आली. पिल्लं गेली म्हणजे तिच्या लेखी घरातलंच कोणी गेलं होतं. ती फाटकाची कडी काढायला लागली तशी मी शेडमधूनच ओरडले, "मावशी, तिथंच थांबा. आत येऊ नोका."

तिचा हात कडीवरच राहिला. "काऊन वं? मी परकी झाली का आता?"

मी रोगाचं सांगितलं, तिच्या डुकरिणींचं सांगितलं. डोळ्याला न दिसणारं काहीतरी चपलेला चिकटून घरोघर जातं, हे मलाच कुठं नीट पटलं होतं? तिला काय पटणार. पण मी जागची हलले नाही. हलले असते तर तिच्या गळ्यात पडून रडले असते, आणि माझ्या साडीला काय काय लागलं होतं कोण जाणे. तिनं डबा बाहेरच्या दगडावर ठेवला आणि निघून गेली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बोरिंगवर पाणी भरताना मावशी दिसली की मी लांब उभी राहायचे आणि ती तोंड फिरवायची. शिकली तशी शेफारली, असं गाव म्हणू लागलं. नवरा म्हणाला, जाऊन पाया पड आणि मोकळी हो. मी म्हटलं, तुम्ही आधी स्वतःचे पाय धुवा, मग सल्ले द्या. रोग पसरू नये म्हणून शेडच्या दारात टाकलेल्या चुन्यानं आमच्या टाचा फुटल्या होत्या. आमची उरलेली डुकरं हळूहळू खायला लागली, पण माझा जीव मावशीच्या शेडमध्ये अडकला होता.

एक दिवस नवऱ्यानंच बातमी आणली. मावशीची पहिली डुकरीण व्यायली, पिल्लं ठणठणीत. मी कोंड्याच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडले. मग दुसरी व्यायली, मग तिसरी. त्या संध्याकाळी मी बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली.

डॉक्टरांनी आम्हाला मोकळीक दिली तेव्हा उन्हाळा लागला होता. अंघोळ करून, नव्या चपला घालून मी मावशीकडं गेले. तिनं आधी चहा ठेवला. मग म्हणाली, "तुहा लय राग आला होता मले. पन पिल्लं धडधाकट जलमले तवा समजलं. तू मले थांबवली नसती, त माहा एकई पिल्लू जगला नसता."

मोठी झालेली पिल्लं तिनं तोवर विकून टाकली होती. एकच मादी मागं राहिली होती, चांगली लांब अंगाची, पैदाशीला ठेवावी अशी. हीच काऊन ठेवली, मी विचारलं.

"तुह्यासाठी," मावशी म्हणाली. "जलमली त्याच दिसी ठरवलं."