हो सर

साकोलीत एका शेतीऔषधांच्या कंपनीत मी सेल्स ऑफिसर होतो. ऑफिसर म्हणजे मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल अर्धं कंपनीचं आणि बोलणी पूर्ण साहेबांची. सकाळी एकोडीच्या घरून निघालं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपला हसरा फोटो टाकायचा. ग्रुपचं नाव 'वाघ'. नागझिऱ्याचं जंगल एवढं जवळ, पण खरा वाघ मला कधी दिसला नाही. हे वाघ मात्र रोज दिसत, डोळ्यांखाली काळं घेऊन.

साहेबांना एकच उत्तर चालायचं. टार्गेट वाढवलं, हो सर. रविवारी मीटिंग, हो सर. धानावर कीडच नाही तर औषध कोणाच्या बापाला विकू, हे पोटात. ओठावर हो सर.

एकदा जेवताना आईनं विचारलं, "बाबू, भात वाढू का?"

"हो सर."

आई हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा ती एकटीच हसली. पुढे तिचंही हसू आटलं. "मले आई म्हन ना रे," ती म्हणाली. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

धानावर करपा आला तर काय फवारायचं ते मी झोपेतही सांगितलं असतं. मीच करपत चाललोय हे मात्र आईनं ओळखलं.

मग घरोघरचे तज्ज्ञ आले. मोठी आई, म्हणजे थोरली काकू, म्हणाली, नजर लागली. काका म्हणाला, "गाडीवर बसून कोनी थकते का बे? धानाच्या रोवण्याले ये, मंग समजन." शेजारीण म्हणाली, "लगन करून टाका. हो म्हनाची सवय तं लागलीच हाये." कंपनीही मागे नव्हती. रविवारी तिनं ऑनलाइन तणावमुक्ती शिबिर ठेवलं. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू, आणि जो शांत दिसणार नाही त्यानं सोमवारी लेखी खुलासा द्यायचा.

शेवटी आईनं मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काम बंद, झोप चालू, मी सांगेपर्यंत. साहेबांना कळवलं. "घे ना रजा, तब्येत आधी," ते म्हणाले. "फक्त फोन चालू ठेव."

हो सर.

पहिले काही दिवस मी नुसता झोपलो. मग तळ्याकाठी, बोडीच्या पाळीवर, जाऊन बसायला लागलो, भूक लागायला लागली. एका दुपारी मी जेवत होतो आणि फोन वाजला. साहेब. माझा घास हातातच राहिला. आईनं फोन उचलला. "आता पाय तू, बिनपान्यानं हजामत होते याची."

माझी आई कोणाला भीत नाही. एसटीच्या कंडक्टरापासून सरपंचापर्यंत सगळे तिला वचकून असतात. ती कानाला फोन लावून उभी राहिली. पलीकडचा आवाज चढत गेला. आईनं डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली.

"हो सर," ती म्हणाली. "हो सर. सांगते सर. उद्याच येईन तो."

मी भाताच्या हातानंच तिच्याकडून फोन घेतला.

"नाई जमत."

"काय?"

"उद्या नाई जमत. डॉक्टर म्हनन तवाच येईन."

नोकरीचा विचार कर, असं काहीतरी ते बोलत होते. मी फोन ठेवला. थोड्या वेळानं मोबाइलवर दिसलं, 'वाघ'मधून मला काढलं होतं.

आई पदर सावरत म्हणाली, "काय जाने, कसं निंगालं तोंडातून." मग सवयीनं भाताची पळी उचलली. "वाढू का?"

"नको, आई."

ती तशीच थांबली. "काय म्हनलास?"

"नको, आई."

तिनं डोळे पुसले आणि दोन पळ्या भात वाढला.