एकही सिलिंडर नसलेली गाडी

जगात जे जे गोल फिरतं ते चांगलं आणि जे जे वर-खाली हलतं ते वाईट, अशी सगळ्या सृष्टीची सरळ वाटणी करून टाकलेला माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे माझे थोरले साडू. जातं चांगलं, उखळ वाईट. रहाट चांगला, हातपंप वाईट. लग्नानंतर त्यांनी बायकोला पाटा-वरवंटा वापरायची बंदी केली, कारण वरवंटा पुढे जातो, थांबतो आणि मागे येतो, आणि त्यांच्या मते त्या थांबण्यातच माणसाची निम्मी शक्ती वाया जाते. नातवंडांना बागेत नेलं की ते सी-सॉवर बसू देत नाहीत, गोल चक्रावर मात्र पोरं ओकारी येईपर्यंत फिरली तरी चालतं. एकदा एका बारशाला पाळण्याची दोरी हातात आल्यावर ते जरा विचारात पडलेले मी पाहिले आणि तिथून काढता पाय घेतला. त्यांचा विचार पूर्ण झाला की तो ऐकायला समोर बहुतेक वेळा मीच असतो, आणि इतक्या वर्षांनी मला त्याचा शीण येतो.

खरं तर या माणसाचं आयुष्य जहाजांवर, इंजिनरूममध्ये गेलं. घराएवढाली पिस्टनं वर-खाली होताना त्यांनी जन्मभर पाहिली आणि त्यांच्यावरच संसार केला. तरीही पिस्टनवर त्यांचा राग, आणि त्या रागाचं कारण माझी मेहुणी. ताईला गाडी लागते. बस लागते, टॅक्सी लागते, रिक्षाही लागते. माझी सासुरवाडी मनोरीची, दर्यावर वाढलेली माणसं, पण कोळ्याची ही पोर मार्व्याच्या धक्क्यावर होडीत पाय ठेवला की पांढरीफटक पडते. लग्नानंतर हे दोघं महाबळेश्वरला निघाले आणि पहिल्याच घाटातून परत आले. साडूंनी त्यावर पुष्कळ विचार केला आणि निकाल दिला, की दोष बायकोच्या पोटात नाही, इंजिनाच्या हादऱ्यात आहे. ज्या इंजिनात काहीच वर-खाली होत नाही असं इंजिन मिळालं तर ती जगाच्या टोकापर्यंत जाईल. असं इंजिन त्यांना जपानच्या एका बंदरात सापडलं. नोकरी सोडून कायमचे घरी आले ते ती चार दारांची, निळसर राखाडी, रोटरी इंजिनाची गाडी घेऊनच. आणि सांगायला हवं, की त्या गाडीत ताईला कधीही काही झालं नाही. मुलुंडहून घोडबंदर, भाईंदर, उत्तन करत ती दर महिन्याला मनोरीला आईकडे जायची आणि हसत उतरायची. मधे पुतणीने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तिच्यात तर हादरा औषधालाही नाही. पुतणी चालवत होती, पण ताई चेकनाक्यापर्यंतही टिकली नाही. साडू शांतपणे म्हणाले, "बॅटरीचा वास असतो. तुम्हाला येत नाही."

हे इंजिन चालतं कसं, ते त्यांनी मला समोशावरून समजावलं आहे. लांबट स्टीलच्या डब्यात समोसा ठेवायचा आणि त्याची तिन्ही टोकं डब्याला सतत घासत राहतील असा तो फिरवायचा. एका बाजूला पेट्रोल आत येतं, दुसरीकडे दाबलं जातं, तिसरीकडे पेटतं. हे प्रात्यक्षिक त्यांनी साखरपुड्यात केलं आहे, सोसायटीच्या सभेत केलं आहे, आणि एका ठिकाणी दिवसकार्याच्या जेवणातही करणार होते, पण ताईने त्यांच्या पानातला समोसा उचलून स्वतः खाल्ला.

आता त्या समोशाची टोकं झिजू नयेत म्हणून हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जाळतं. ही त्याची खोड नव्हे, घडणच तशी, आणि जळलं की धूर होणारच. सकाळी साडूंनी गाडी सुरू केली की मागून निळा लोट निघतो. नव्या भाडेकरूंना वाटतं पालिकेची डासांची फवारणी आली, ते धडाधड खिडक्या लावून घेतात. साडू मात्र नाकाने तो धूर ओढून तब्येत सांगतात. "आज बरी आहे."

अशा गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागतं, आणि माझं दुःख इथून सुरू होतं. रोटरी थंड असताना तपासली तर नापास होणार हे ठरलेलं. ती चांगली रसरशीत तापली, ऑइल ताजं असलं, तरच धुरातलं न जळलेलं पेट्रोल कमी दाखवते. म्हणून साडू रविवारी सकाळी मुलुंडहून निघणार, हायवेवर गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळवत घाटकोपरला येणार, आणि इंजिन न थांबवता थेट पंपावरच्या पीयूसीच्या मशीनसमोर उभी करणार. रांगेत थांबली की ती निवते. तेव्हा रांगेत तिच्या आधी कुणीतरी उभं हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे घाटकोपरला राहणारा मी. मी माझी स्कूटर घेऊन नंबर लावतो, पुढे पुढे सरकतो, आणि साडू आले की त्यांना जागा देऊन मागच्यांच्या शिव्या खातो. ते कधी सिग्नलला अडकतात. मग माझा नंबर येतो आणि नाइलाजाने माझ्याच स्कूटरची तपासणी होते. माझ्या स्कूटरइतकी निर्मळ गाडी सबंध मुंबईत नसेल, निदान कागदोपत्री तरी.

मशीनवाला नवा असला की पुढचं नाटक ठरलेलं.

"काका, सिलिंडर किती?"

"एकही नाही."

"इलेक्ट्रिक आहे? मग पीयूसी कशाला पाहिजे?"

"इलेक्ट्रिक नाही. दोन रोटर आहेत."

"इथे रोटर नाही येत काका. तीन, चार, सहा, असं काहीतरी सांगा ना."

"नसलेलं कसं सांगू?"

मागे हॉर्न वाजत असतात, गाडी निवत असते, आणि साडू समोशाचा डबा काढायला डिकीकडे निघालेले असतात. मी खालच्या आवाजात "चार टाक रे बाबा" म्हणतो आणि ते ऐकून साडू दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत.

या वर्षी मात्र प्रकरण गमतीचं राहिलं नाही. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं होतं. पीयूसी नाही तर नूतनीकरण नाही, आणि ते नाही तर गाडी भंगारात. समोशाची टोकं आता झिजली होती. ती बदलून देणारा माणूस मुंबईत नव्हता, मागवायची तर जपानातही मिळेनात. तिकडे मनोरीला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि दर फोनला एकच विचारत होत्या, मोठी कधी येते. मोठी येणार ती या गाडीनेच. हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या रविवारी रांगेत उभा होतो.

साडू वेळेवर आले. गाडी इतकी तापली होती की बॉनेटवरची हवा थरथरत होती. मशीनवाल्याने नळी लावली, आकडे वर गेले आणि वरच राहिले. पुन्हा लावली. तेच. तो माणूस वाईट नव्हता. आमची तोंडं बघून तो जवळ आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचा फोटो झालाय. नळी मागच्या गाडीला लावतो. दोन मिनिटांचं काम."

मी सुटकेचा श्वास टाकला. साडूंनी मागच्या गाडीकडे पाहिलं. साधी, चार सिलिंडरची, पांढरी.

"माझ्या गाडीच्या नावावर त्या गाडीचा धूर?"

"कोणाला काय कळतंय काका."

"माझी गाडी धूर काढते, म्हणजे काढते," साडू म्हणाले. "काढा नळी."

माझा संयम सुटला. तुमच्या तत्त्वापायी एक म्हातारी तिकडे लेकीची वाट बघत मरेल, असं मी भर पंपावर त्यांना ऐकवलं. ते गाडीत बसले. गाडी हळूच वळवून, तिसऱ्या गिअरमध्ये, अजिबात न किंचाळवता मुलुंडला घेऊन गेले. ताईने सांगितलं, की घरी येऊन त्यांनी ती धुतली, पुसली आणि तिच्यावर कापड टाकलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंचं जास्त झालं. साडूंनी एक छोटी गाडी भाड्याने आणली, तीन सिलिंडरची, उभ्या जागी शिवणयंत्रासारखी थरथरणारी. एरवी मी आणि ही मनोरीला होडीने जातो, पण त्या दिवशी आम्हीही मागे बसलो. ताई पुढे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, हातात लिंबू. साडूंचा चेहरा फाशी जाणाऱ्याचा. गाडी निघाली आणि हा माणूस सारखा पुटपुटू लागला. "आता डावीकडे घेतोय. पुढे खड्डा आहे, सावकाश जातो. ब्रेक लावतोय हं. आता मोठं वळण, उजवीकडे." जहाजावरची सवय असेल म्हणून मी सोडून दिलं. घोडबंदर गेलं, भाईंदर गेलं, उत्तनची वळणं गेली. मनोरीला ताई उतरली ती लिंबू पर्समध्ये टाकून, तडक आईच्या खाटेकडे. सासूबाईंनी तिचा हात धरला. "कशी आयलीस गो पोरी?"

"भाड्याच्या गाडीने, आई."

"आनी काय झाला नाय?"

"नाही. काहीच नाही."

सगळ्यांना आनंद झाला. साडू तेवढे ओटीवर जाऊन बसले. मी शेजारी टेकलो तर मला म्हणाले, "तीन पिस्टनं होती रे." मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तिला इंजिनाचा त्रास नव्हताच." ज्या माणसाला गप्प बसवायची मी जन्मभर वाट पाहिली तो असा गप्प बसला, आणि मला ते बघवेना. जेवताना पानात काय वाढलं याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

परतीला ते एक शब्द न बोलता चालवत होते. उत्तनच्या पहिल्या वळणाला ताईने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या वळणाला पिशवी उघडली. ही मागून तिची पाठ चोळू लागली. साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"अहो," ताई डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही बोलत का नाही?"

"काय बोलू?"

"ते नेहमीचं. वळण आलं तर आलं म्हणून सांगत जा की. नाहीतर मला कसं कळणार? पोट आधी धरून ठेवावं लागतं."

साडू तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. गाडी सुरू केली.

"निघतोय आता," ते म्हणाले. "पुढे चढ आहे. मग डावीकडे वळण. लहान आहे गं, घाबरू नको."