सुऱ्यांच्या प्रदर्शनात सासरे

यांच्या कपाटात हातघडणीच्या तेवीस सुऱ्या आहेत आणि माझ्या ओट्यावर टोमॅटो चिरायला एकही धड सुरी नाही, हे माझ्या बायकोचं वाक्य. घरी पाहुणे आले की ती ते म्हणते आणि पुरावा म्हणून प्लास्टिकच्या दांड्याच्या बोथट सुरीने एका टोमॅटोचा चेंदा करून दाखवते. पाहुणे तिच्याकडे सहानुभूतीने बघतात आणि माझ्यापासून जरा लांब सरकून बसतात.

हा छंद मला शाळेत लागला. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, शाळा तालुक्याला. सातवीत मी केंद्रात पहिला आलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातला पेन्सिल तासायचा चाकू मला बक्षीस दिला. दिला म्हणजे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उचल." धारेची वस्तू हातातून हातात दिली की दोघांत भांडण होतं, हे आमच्याकडे सगळे मानतात. मुख्याध्यापक विज्ञान शिकवायचे, तरी तेही मानायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या पदवीत त्या शाळेचा वाटा मोठा आहे आणि माझ्या मनात त्या चाकूचाही आहे. पुढे नोकरी लागली, विरारला फ्लॅट झाला, आणि वर्षाला एखादी सुरी घरात येऊ लागली.

सासुरवाडी वसईजवळच्या निर्मळची. सासऱ्यांची केळीची बाग आहे, कडेने थोडी फुलझाडं. आमचं लग्न ठरताना त्यांच्या नातेवाइकांनी शंका काढली होती, की मुलगा घाटावरचा, याला बागेतलं काय कळणार? तेव्हा सासरे म्हणाले होते, "शिकलेला हाय. बस झाला." माझ्या शिक्षणाचं इतकं कौतुक माझ्या विद्यापीठानेही केलं नव्हतं. पंधरा वर्षं झाली, त्या चार शब्दांतून उतराई कसं व्हायचं ते मला कळत नव्हतं. कारण जावयाला तिथे काही करूच देत नाहीत. गेलो की ओटीवर पंखा लागतो, चहा येतो, केळफुलाची भाजी होते. मी बागेकडे दोन पावलं टाकली की सासूबाई धावत येतात, "जावईबापू, तिकडे नको, चिखल हाय." मे महिन्यातही चिखल असतो.

सासरे लोंगर, म्हणजे केळीचा अख्खा घड, एका कोयतीने उतरवायचे. ती शेजारच्या गास गावच्या एका लोहाराने त्यांना तरुणपणी घडवून दिली होती. लोहार गेला, भट्टी थंड झाली. कोयती घासून घासून बीजेच्या चंद्राएवढी उरली. बाजारातून आणलेल्या चार कोयत्या त्यांनी एकेक दिवस वापरल्या आणि पडवीत फेकून दिल्या. "हाताला बसत नाय," एवढंच कारण. एकदा जेवताना ते म्हणाले, "ही तुटली का लोंगर उतरवाला मानूस लावीन. मी बांधावर बसून बघीन."

सासूबाईंचा वाढता हात थांबला. सत्तरीला आलेला हा माणूस तापातसुद्धा बांधावर बसलेला कुणी पाहिला नव्हता. तो बसला की आटोपलं, हे पंगतीतल्या सगळ्यांना कळलं. मी मान खाली घालून भात कालवत होतो, पण मनात उजेड पडला होता. तेवीस सुऱ्यांचा मालक कशासाठी जन्माला आला होता?

त्याच दुपारी सासरे झोपले असताना मी पडवीत शिरलो, जुनी कोयती वर्तमानपत्रावर ठेवली आणि पेन्सिलने तिच्या कडेने रेघ मारून घेतली. वाळल्या चिकाने ती इतकी काळी झाली होती, की आकाराखेरीज तिच्यात काही दिसत नव्हतं. कागद घेऊन वसई पूर्वेच्या एका कारागिराकडे गेलो. मोठ्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून शेडमध्ये भट्टी लावलेला हा तिशीतला दाढीवाला तरुण. माझ्याकडच्या दोन सुऱ्या त्याच्याच.

"सर, जबरदस्त कर्व्ह आहे," तो कागद बघून म्हणाला. "धार एकाच अंगाला द्यायची ना?"

"अर्थात. आपली पारंपरिक पद्धत तीच," मी संग्राहकाच्या थाटात म्हणालो.

"कुठल्या अंगाला?"

"नेहमीच्या."

त्याने वहीत लिहून घेतलं. पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे.

कोयती सहा महिन्यांनी, सुऱ्यांच्या प्रदर्शनात हातात मिळणार होती. या प्रदर्शनाला ठिकठिकाणचे कारागीर आपापली टेबलं मांडतात आणि माझ्यासारखी माणसं सकाळपासून सगळ्या टेबलांना प्रदक्षिणा घालतात. यंदा ते वसईतच एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट उतरवायची राहिली होती. स्टेजवर झेंडूच्या माळांत 'शुभविवाह' अशी सोनेरी अक्षरं आणि त्याखाली ओळीने शिकारी सुरे. बायको दारातच थांबून म्हणाली, "पत्रिका पाहायला हवी होती."

सासऱ्यांना मी फक्त "सुऱ्या बघायला चला, एक गंमत दाखवतो" म्हणून आणलं होतं. ते पांढरा सदरा घालून, खांद्याला गोणपाटाची जड पिशवी लावून आले. पिशवीत काय आहे ते सांगेनात.

प्रदर्शनाचे शिष्टाचार असतात. विचारल्याशिवाय वस्तू उचलायची नाही. उचलली तर पात्याला बोट लावायचं नाही, घामाने डाग पडतो. मी हे सासऱ्यांना हळू आवाजात समजावलं. त्यांनी देवळात ऐकावं तसं ऐकलं. पहिल्याच टेबलावरच्या कारागिराने नम्रपणे एक सुरी मुठीकडून त्यांच्यापुढे धरली. सासऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घ्या ना अंकल, बघा हातात घेऊन."

"खाली ठेवा."

"नाही नाही, बिनधास्त घ्या."

"खाली ठेवा, बाबा. तुमचा-माझा काय भांडन नाय, उगाच कशाला लावता?"

बिचारा सुरी पुढे धरून उभा. सासरे हात मागे बांधून उभे. शेवटी मी मध्ये पडून सुरी टेबलावर ठेववली, तेव्हा सासऱ्यांनी ती लगेच उचलली. असं आठ टेबलांवर झालं. नवव्या टेबलावरच्या बाईने आम्ही येताना पाहिलं आणि आधीच सगळ्या सुऱ्या खाली ठेवून दोन पावलं मागे सरकली.

मोरपंखी रंगाच्या मुठीची एक सुरी मला फार आवडली होती. मी तिच्या पोलादाविषयी, पात्यावरच्या पाण्याच्या लाटांसारख्या नक्षीविषयी सासऱ्यांना पाचेक मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हिने काय कापतात?"

"कापत नाहीत. ही संग्रहासाठी."

"अस्सा." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "म्हंजे हिला कामाला लावत नाय. जावयासारखी."

बायको पदर तोंडाला लावून दुसऱ्या टेबलाकडे पळाली.

मग आम्ही माझ्या कारागिराच्या टेबलाशी पोचलो. त्याने मखमली कापडावर कोयती ठेवली आणि कापड बाजूला केलं. मला आजही ती आठवते. आरशासारखं पातं, शिसवीची मूठ, पितळेचे तीन खिळे. शेजारच्या टेबलांवरचे लोक जमले. मी घसा साफ केला. दोन दिवस आरशापुढे पाठ केलेलं भाषण होतं, त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं, "बाबा, ही तुमच्यासाठी."

सासरे पुढे झाले. वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "माज्या कोयतीचीच बहीन दिसते." आणि पिशवी उघडून त्यांनी आतून केळीच्या दांड्याचे दोन हातभर तुकडे बाहेर काढले.

"हे काय, बाबा?" मी.

"सुऱ्या बघाला चाललो म्हनालात. न वाजवता नारळ घेतात का कुनी?"

हॉलबाहेरच्या हिरवळीवर कापून बघण्याची सोय होती. तिथे लोक सुतळीचे दोर आणि गुंडाळलेले कागद कापत होते. सासऱ्यांनी दांडा उभा केला, बाही दुमडली आणि कोयती घेतली. डाव्या हातात. मला वाटलं, उजव्या हाताला काही लागलं असेल.

वार बसला, पण पातं आत शिरण्याऐवजी घसरून वर गेलं. दुसरा वार तसाच. दांडा आडवा पडून हिरवळीवर घरंगळला आणि दोर कापणाऱ्या एका गृहस्थाच्या पायाशी थांबला. सासऱ्यांनी पातं डोळ्यांसमोर धरून बघितलं आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मला एकट्याला म्हणाले, "जावईबापू, ही उजव्या हाताची हाय. धार उलट्या अंगाला."

कारागिराने मात्र ऐकलं. "अंकल, तुम्ही लेफ्टी आहात?" मग माझ्याकडे वळून, "सर! तुम्ही तर बोललात, नेहमीच्या अंगाला!"

"अहो," बायको म्हणाली, "बाबा डावखुरे आहेत हे अख्ख्या निर्मळला माहीत आहे. मला एका शब्दाने विचारायचं होतंत."

"गंमत म्हणून लपवलं होतं."

"झाली गंमत."

मला ते खरंच माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी या माणसाच्या पंगतीला बसलो होतो. पण जेवायला त्यांचा उजवा हात, आरतीला उजवा, प्रसाद द्यायला उजवा. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की त्यांची आई पळीचा दांडा मारायची, हे बायकोने तिथे हिरवळीवर उभ्याने सांगितलं. डावा हात फक्त बागेत मोकळा. आणि बागेत मी कधी गेलोच नव्हतो. चार पाहुण्यांना सुरीच्या पात्याचा इतिहास ऐकवणाऱ्या मला, घरातल्या माणसाचा कामाचा हात कुठला ते ठाऊक नव्हतं. तिथे जमलेले संग्राहक फार सभ्य, सगळे एकदम ढगांकडे बघू लागले.

"हिची धार पलटवता येईल?" मी कारागिराला विचारलं.

"नाही सर. पातंच अर्धं जाईल. नवीनच करावी लागेल. आणि या वेळी," त्याने माझ्याकडे न बघता सासऱ्यांना म्हटलं, "अंकल, मी येऊन बघतो. तुम्ही प्रत्यक्ष कापता कसं ते."

"ये. रविवारी लोंगर उतरवायचेत." मग सासऱ्यांनी कोयती माझ्यापुढे गवतावर ठेवली. "ही उचला. तुमच्या हाताची हाय."

"माझी? ठीक आहे, बाबा. कपाटात हिला पहिल्या खणात..."

"कपाटात केळी लागत नाय. तुमी पन या रविवारी."

रविवारी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "जावयाला बागेत राबवता? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" सासरे म्हणाले, "घालू देत. खताला कमी पडलाय." आणि मी, जुनी पँट दुमडून, आयुष्यात पहिल्यांदा त्या बांधापलीकडे गेलो. कोरडी ठणठणीत जमीन होती.

कारागीर वही घेऊन उभा राहिला. सासऱ्यांनी जुन्या कोयतीने केळीच्या खोडाला मध्यावर एकच वार केला. खोड अर्धं चिरून हळूच झुकलं, जसं कुणी वडीलधारं माणूस पाया पडणाऱ्याला उठवायला वाकतं. लोंगर खांद्याच्या उंचीला आला. "आता तुमी," ते म्हणाले.

मी संग्राहक असल्यामुळे शेजारच्या केळीवर पूर्ण ताकदीने वार केला. कोयतीला खरंच धार होती. खोड अर्धं नाही, पूर्णच तुटलं आणि केळ, पानं, लोंगर यांसकट माझ्या अंगावर आलं. मी खाली, माझ्यावर केळ. चीक केसात, कानात, शर्टावर आणि आरशासारख्या पात्यावर.

"अरे अर्धा! अर्धा!" पानांच्या वरून सासऱ्यांचा आवाज आला. "पुरा कोनी सांगितला तुला? एवढा शिकला नि अर्धा म्हंजे किती ते कळत नाय?"

पंधरा वर्षांत ते मला पहिल्यांदा 'अरे' म्हणाले होते. मी पडल्या पडल्या हसत होतो. कारागिराला वाटलं, डोक्याला मार लागला.

डाव्या हाताची कोयती दसऱ्याच्या आधी आली. या वेळी मखमल नव्हती, पातं राखाडी, मूठ साध्या बाभळीची. कारागिराने ती स्वतःहून बांधावर ठेवली. सासऱ्यांनी उचलली, दोनदा हवेत फिरवली आणि सरळ बागेतल्या सगळ्यात उंच केळीपाशी गेले. एक वार. खोड झुकलं.

"कशी आहे, अंकल?" कारागिराने विचारलं.

"चालते."

त्याचा चेहरा पडला. निर्मळमध्ये याहून मोठी पावती देत नाहीत, हे मी त्याला नंतर समजावणार होतो. तेव्हा मला वेळ नव्हता. लोंगर कापला की तो खाली पडू नये म्हणून खाली एक खांदा लागतो आणि तिथे मला उभं केलं होतं.

"सरळ उभा राहा. मान बाजूला घे," सासरे वरच्या देठाला डाव्या हाताने कोयती लावत म्हणाले. "सोडू?"

"सोडा, बाबा."