पायलटसाहेब आणि गोटीरामची विहीर

माझं लग्न ठरलं तेव्हा पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बोंब झाली की सरिताला पायलट नवरा मिळाला. समोरच्या काकू तर विमानात फुकट बसायला मिळेल का, हे विचारायला घरी आल्या. विमान नाही हो, जहाज, असं मी सांगितलं आणि काकूंचा चेहरा पडला. नाशिकच्या माणसाला जहाजाचं काय कौतुक! त्यातून मुलगा सायखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, नाव जयराम. काकू जाताना म्हणाल्या, "असू दे, नोकरी तरी पक्की आहे ना?"

बंदरातला पायलट काय करतो हे मी नंतर इतक्या जणांना समजावलं आहे की आता झोपेतही सांगेन. आमच्या गल्लीत परगावचा ट्रक शिरला की वळणाशी अडकणार हे ठरलेलंच. मग गल्लीतला कोणीतरी ड्रायव्हरशेजारी चढून बसतो आणि "घे डावीकडे, घे, घे, बस्स" करत ट्रक आत आणतो. तेच काम आमचे पायलटसाहेब समुद्रात करायचे. परदेशातून आलेलं जहाज बंदराबाहेर थांबायचं, हे छोट्या लाँचमधून तिथपर्यंत जायचे, दोरीच्या शिडीने वर चढायचे आणि जहाज धक्क्याला लावून द्यायचे. जहाजावर त्याचा स्वतःचा कॅप्टन असतोच, पण बंदरातलं पाणी, गाळ, वारा यांची खबर पायलटला.

पायलटसाहेबांचा थाटही तसाच होता. कडक इस्त्री, काळा चष्मा, आणि तोंडातून मोजून शब्द. मुंबईकडच्या एका बंदरात ड्यूटी करून सुटीला नाशिकला आले की घरातही हुकूम सुटायचे. मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "अहो, हे घर आहे, इथे मी कॅप्टन." ते हसले नाहीत. विनोद कळायला त्यांना साधारण आठवडा लागायचा.

शहाण्णव साली दिवाळीच्या आसपास त्यांच्या हातून एक अपघात झाला. ओळीने जहाजं आत आणून, बाहेर नेऊन अंग शिणलं होतं, डोळ्यांवर झापड होती. जहाज धक्क्याजवळ आलेलं. डावीकडे वळवायचं होतं, आणि हे म्हणाले उजवीकडे. सुकाणू धरलेल्या खलाशाने हुकुमाप्रमाणे उजवीकडे फिरवलं. जहाज धक्क्याला घासलं, पत्रा चेपला, धक्क्याचे लाकडी ओंडके फुटले. देवाची कृपा, कोणाला खरचटलंही नाही. पण चौकशी बसली आणि यांना घरी पाठवलं.

घरी आलेला तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. गॅलरीत बसून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "मला डावं-उजवं कळत नाही, सरिता. मी राजीनामा देतो. सायखेड्याला जाऊन द्राक्षं लावू." मी द्राक्षांना नाही म्हटलं नाही. पण वीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस बागेत खाली मान घालून फिरणार, या विचाराने मला रात्री रडू यायचं. त्यांनी जहाजावर परत जावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ते काही केल्या ऐकत नव्हते.

माघात यांच्या भाचीचं, पल्लवीचं, लग्न निघालं. माझी नणंद सायखेड्यातच दिलेली, आणि नवऱ्या मुलाचं गाव गोदावरीच्या पलीकडच्या काठाला. वऱ्हाड टेम्पोतून पुलावरून जाणार होतं. माझ्या सासूबाई, सगुणाबाई, यांनी मात्र वेगळाच घाट घातला. "नवरी नावंतून जाईल," त्यांनी जाहीर केलं, "आन् नाव तिचा मामा हाकील." नणंद कपाळाला हात लावून बसली. सासूबाईंनी मला कोपऱ्यात ओढून सांगितलं, "पोरगं वाळून चाललंय. त्याच्या हातात काहीतरी दे, बाई."

बहिरू भोयाची होडी झेंडूच्या माळांनी सजली. खाली बंधारा असल्यामुळे तिथे नदी म्हणजे तळंच, फुगवट्याचं संथ पाणी. नवरी मधोमध, तिच्या दोन बाजूंना करवल्या, पुढे सासूबाई, आणि मी पुढच्या पाण्याकडे पाठ करून नवरीचा शालू सावरत बसलेली. बहिरू लांब बांबूने होडी रेटत होता. मागे सुकाणूचं वल्हं पायलटसाहेबांच्या हातात. फेटा बांधलेला, वर काळा चष्मा. वाऱ्याने फेट्याचा शेमला उडाला आणि कित्येक महिन्यांनंतर मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. मी मनात सासूबाईंच्या पाया पडले.

पलीकडच्या काठावर बँड सुरू झाला. आमची होडी अगदी झोकात निघाली होती. आणि मग खालून खर्रर्र असा आवाज आला, होडीचं नाक वर उचललं गेलं, मी शालूसकट नवरीच्या मांडीवर पडले आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

आम्ही गोटीरामच्या विहिरीवर चढलो होतो. फार जुन्या काळी बंधाऱ्याच्या पाण्यात गेलेली ही विहीर. पाणी उतरलं की तिचा दगडी कठडा पाण्याखाली वीतभरावर दिसतो. होडी त्या कठड्यावर कोंबडी अंड्यांवर बसावी तशी बसली होती. काठावरचा बँडही थांबला. मुहूर्त जवळ आलेला, नवरी विहिरीवर, आणि अंतरपाटापाशी नवरीच्या मागे उभा राहायचा तो मामासुद्धा विहिरीवर.

पायलटसाहेबांनी चष्मा काढला. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, संपलं, आता हे होडीतही पाय ठेवणार नाहीत.

"बहिरूभाऊ," ते हळूच म्हणाले, "इथं विहीर हाय, हे तुला ठाव व्हतं?"

"व्हतं की. पोरपनापासून ठाव हाय."

"आपन तिच्यावर चाललोय, हे दिसत व्हतं?"

"चांगलं दिसत व्हतं, सायेब."

"मग बोलला का नाय?"

बहिरू अवघडला. "तुमी येवढाली जहाजं हाकता. म्हनलं, सायबांचा काहीतरी हिशेब आसंल. आपन कोन सांगनार?"

त्यांनी करवल्यांकडे पाहिलं. दोघींनाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोरच विहीर आली होती, पण मोठ्या माणसांत कशाला बोला! नवरी मान खाली घालूनच म्हणाली, "मामा, मला वाटलं तुम्ही शेवटी वळवाल." राहता राहिल्या सासूबाई. त्यांची जीभ आख्ख्या सायखेड्यात प्रसिद्ध. सरपंचाला भर चावडीवर गप्प बसवणारी बाई!

"आये, तूसुदीक?"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "लय दिसांनी गानं म्हनत व्हता रं. तुला कसं टोकू?"

आणि मग पायलटसाहेब हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग वल्ह्यावर डोकं टेकवून. होडी गदगदा हलायला लागली. बहिरू घाबरून ओरडला, "सायेब, हलू नगा, पालथी व्हईल!"

"शाब्बास!" हे त्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. "हे असं आधी ओरडायचं!"

तेवढ्यात पलीकडून दुसरी होडी आली. तिच्यात दोर घेऊन बाशिंग बांधलेला नवरदेव स्वतःच उभा होता. बायको विहिरीवर अडकलेली बघून त्याला काठावर दम निघेना. दोर बांधून ओढलं, होडी सुटली, आणि करवल्यांनी एवढा गलका केला की बगळे उठले. मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी आपलं घड्याळ पुढे चालतं असं सगळ्यांदेखत जाहीर केलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. असा भला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जेवणं झाल्यावर पायलटसाहेब मला बाजूला घेऊन गेले. मांडवामागे चुलाणं अजून धगधगत होती. "सरिता, त्या दिवशी जहाजावर मी एकटा नव्हतो," ते म्हणाले. "कॅप्टन होता, त्याचा अधिकारी होता, सुकाणूवरचा खलाशी होता. डावीकडे वळायला हवं हे तिघांनाही दिसत होतं. मी उजवीकडे म्हणालो आणि तिघंही गप्प राहिले. एवढे दिवस मी एकच विचारतोय, मी चुकलो कसा. थकलेला माणूस चुकणारच. ते बोलले का नाहीत, हे मी विचारलंच नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि बोलणार कसे? मी चढल्यापासून त्यांना धड नमस्कारही केला नव्हता."

चौकशीत त्यांनी हेच सांगितलं. हुकूम माझा, चूक माझी, पण माझ्यासमोर कोणाला तोंड उघडता येत नव्हतं आणि तीही माझीच चूक. बंदराच्या वरच्या साहेबांनी ताकीद दिली, काही महिने ज्येष्ठ पायलटच्या हाताखाली काम करायला लावलं. मग त्यांना एकट्याने जहाज आणायला पाठवलं. त्या दिवशी मी नाशिकच्या घरात फोनपाशी बसून होते. सासूबाई मुद्दाम सायखेड्याहून आल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने फोन चालू आहे ना, हे उचलून बघत होत्या. त्यामुळे तो लागणार कसा, हा प्रश्न मी गिळून टाकला.

शेवटी एकदाचा फोन वाजला.

"चढल्या चढल्या सगळ्यांची नावं विचारली," ते म्हणाले. "गोटीरामच्या विहिरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, मी भाचीला विहिरीवर चढवणारा माणूस आहे. चुकतोय असं वाटलं तर ओरडा. फिलिपिन्सचे खलाशी, पोट धरून हसले. आणि धक्का जवळ आल्यावर मी हुकूम दिला, तर सुकाणूवरचा माणूस मोठ्यांदा म्हणाला, 'नाही, साहेब!'"

"अहो, परत चुकलात?"

"छे! मी बरोबर होतो. तोच चुकला होता."

"मग? रागावलात त्याला?"

"त्याला काय रागावणार, सरिता!" ते म्हणाले. "माझ्याएवढाच माणूस, घरी बायकापोरं असणार. सगळ्यांसमोर पायलटला नाही म्हणाला. मी त्याला का ते समजावलं, जहाज लावलं, आणि खाली उतरण्याआधी त्याला घट्ट मिठी मारली. उद्या सकाळी दुसरं जहाज आहे."