झटक्याच्या बांबूवरची तार

सावली गावात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. भीती घालवायला सोय करावी आणि त्या सोयीनेच भीती दारात आणून बसवावी, असा उद्योग मी सख्ख्या बहिणीच्या बाबतीत केला.

तिचं शेत जंगलाला लागून. भाऊजी कामाला परगावी, म्हणून धानाला पाणी द्यायला तीच सांजसकाळ मोटरपाशी जायची. वाघाने शेजारच्या बांधावरून गाय नेली, तेव्हा मी तिच्या घरात बटण बसवलं आणि मोटरपाशी सॉलिड स्टेट रिलेची, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारी पेटी. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मधली तार रानडुकरांसाठीच्या झटका कुंपणाच्या बांबूंनाच बांधली. वेगळे बांबू कोण तोडणार? आमच्याकडे सगळे असंच करतात, पण मला तरी अक्कल हवी होती.

आठवड्याने तिचा फोन आला. "मोटर आपोआप सुरू होऊन राह्यली. दोनदा जाऊन बंद करून आली."

"बाई, तू काऊन गेली? घरून बटण दाबाचं ना."

"दाबलं. बंद होते अन् पुन्हा सुरू होते. पाणी भरून धानाची बांधी फुटली असती. मंग कोण जाईल?"

हातातलं काम टाकलं. तसाच निघालो.

कुंपणाचं यंत्र टक टक करत होतं. प्रत्येक झटक्याचा धक्का शेजारच्या माझ्या तारेत उमटायचा, आणि त्यातला एखादा जोराचा आला की पेटीला वाटायचं, बटण दाबलं. पेटीपुढच्या चिखलात बहिणीच्या चपलेचा ठसा होता आणि त्याच्यावरच वाघाचा पंजा. ती गेल्यावर तो आला होता. किती वेळाने, कोण सांगणार? मी तिला ते दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली चार माणसं काठ्या घेऊन उभी राहिली आणि मी वेगळे बांबू रोवले. बटणाच्या जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन कुंपणापासून लांब नेल्या. उरलेसुरले धक्के गिळायला पेटीच्या तोंडाशी छोटा कपॅसिटर लावला, रिलेवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. दोन दिवस पाहिलं. मोटर आपोआप सुरू झाली नाही.

"आता जावाचं काम नाई," मी म्हणालो. ती हो म्हणाली.

पण दुधाने तोंड पोळलेलं. रोज दिवस मावळताना ती घरून बटण दाबते आणि मोटर खरंच थांबली का, हे पाहायला शेतात जाते. परत आली की मला फोन करते. तो फोन येईपर्यंत मी सोल्डरिंग गन हातात धरत नाही.