क्रम मोडलेल्यांची मॅडम

नसरीन मॅडमच्या तोंडी दोन मराठी होत्या. पुस्तकातलं सांगायचं असलं की शुद्ध, कानामात्रेसकट. स्वतःचं म्हणणं मांडायचं असलं की वऱ्हाडी. त्यांनी "विद्यार्थ्यांनो" म्हटलं की वर्ग वह्या उघडायचा आणि "पोट्टेहो" म्हटलं की पेन खाली ठेवून ऐकायचा. मोताळा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या अकरावी-बारावीला इतिहास शिकवायच्या, मी गणित. मी नांदुऱ्याहून बसनं यायचो. त्या गावातच राहायच्या, मशिदीमागच्या गल्लीत, लेकीबरोबर. नवरा लेक लहान असतानाच वारला होता.

त्या वर्षी सरकारचा नवा नियम आला. प्रत्येक सरकारी शाळेत आठवड्याला एक तास 'जीवन नियोजन' शिकवायचं. सोबत पुस्तिका आणि भिंतीवर लावायचा तक्ता. तक्त्यावर चार पायऱ्या: आधी शिक्षण, मग रोजगार, मग लग्न, मग मूल. मुख्याध्यापकांनी तास नसरीन मॅडमना दिला. त्यांनी तक्ता पाहिला आणि मला म्हणाल्या, "सर, चांगला हाये. पन मी ह्या पायऱ्या उलट्या चढली. दहावी झाली अन् लगन झालं, मंग पोरगी झाली, मंग बारावी केली. नोकरी सगळ्यात शेवटी."

तरी त्यांनी तो तास मन लावून शिकवला. मुलींना तर त्या बजावून सांगायच्या, "घाई करू नोका. घाईचे हाल मी पाह्यले."

बारावीच्या वर्गात वैष्णवी होती. अकरावीनंतरच्या सुट्टीत, अठरा पूर्ण होताच तिचं गावातच लग्न लावून दिलं होतं. सासरचे शिकू देत होते, पण नाइलाजानं. दसऱ्याच्या सुमाराला तिला सहावा महिना होता. ओढणी पसरून ती दाराजवळच्या बाकावर बसायची. जीवन नियोजनाच्या तासाला तिची मान वर यायची नाही.

त्याच दिवसांत तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी मॅडमना आधीच सांगून ठेवलं, "पुस्तिकेत आहे तेवढंच बोला." मी वर्गशिक्षक, म्हणून साहेबांसोबत मागच्या बाकावर बसलो. धडा सुरळीत चालला होता. मुलांनी चार पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. साहेब खूश झाले आणि उठून स्वतःच प्रश्न विचारायला लागले.

"क्रम मोडला तर काय होतं?"

पुढच्या बाकावरची हुशार मुलगी उभी राहिली. पुस्तिकेत होतं तसंच तिनं सांगितलं, "आयुष्य वाया जातं, सर."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं. वैष्णवीनं दप्तर उचललं. ती उठेपर्यंत मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बस, बेटा."

"जाऊ द्या मले, मॅडम."

"तास संपल्यावर जा. आता बस."

ती बसली. मॅडम दारातून हलल्या नाहीत.

"पोट्टेहो," त्या म्हणाल्या, "ह्या तक्त्याचा क्रम चांगला हाये. माह्या पोरीले मी हाच सांगतो. पन माहा स्वतःचा मोडला होता. पोरगी मांडीवर घेऊन मी बारावीचा अभ्यास केला. माह्यं आयुष्य वाया गेलं असं कोनाले वाटते, त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. साहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे पुस्तिकेत नाही."

"नाही, साहेब."

"मग तुम्ही का सांगता?"

"पुस्तिका ज्याचा क्रम मोडला नाही त्याच्यासाठी हाये. इथं आमी दोघी हाओत तिच्याबाहेरच्या."

साहेब निघून गेले. आठवड्याभरात मॅडमना खुलासा मागणारी नोटीस आली आणि तो तास त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिला गेला. पण त्यांना काळजी वेगळीच होती. वैष्णवी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नव्हती.

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. सासू, इंदूबाई, ओसरीत तूर पाखडत होती. तिनं या म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही.

"भर वर्गात आमच्या सुनेची इज्जत गेली. आता नाही पाठवत."

"चूक आमची झाली, बाई," मॅडम म्हणाल्या. "त्याची सजा तिले काऊन?"

"लेकरू कोन पाहीन? अभ्यास करीन का अंगावर पाजीन?"

"दोन्ही करीन. माह्या सासूनं माह्यी पोरगी सांभाळली, म्हनून मी आज तुमच्या दारात मॅडम म्हनून उभी हाओ. नाही तर कोनाच्या वावरात निंदत असती."

इंदूबाईचं सूप थांबलं. "तुमची सासू शिकेल होती?"

"अंगठा लावे."

त्यावर ती पुन्हा तूर पाखडायला लागली. दाराआड वैष्णवी उभी होती. शेवटी इंदूबाई म्हणाली, "दिवाळीनंतर पाहू." मॅडम परतल्या आणि दिवाळी होताच पुन्हा गेल्या. वैष्णवी वर्गात आली.

जानेवारीत तिला मुलगा झाला. ओली बाळंतीण परीक्षेला बसली. इंदूबाई नातवाला पदराखाली घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर बसून राहायची. निकाल लागला, तर इंग्रजी राहिलं होतं. आणि जूनमध्ये मॅडमची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, जालन्याच्या हद्दीजवळ.

बस लागेपर्यंत मी त्यांच्यासोबत थांबलो. वर्गात बोललात त्याचा पस्तावा होतो का, असं विचारलं.

"त्या साहेबाचं सगळंच खोटं नव्हतं, सर," त्या म्हणाल्या. "क्रम मोडला की लय हाल होतेत. पन पडलेल्याले पडला म्हनून सांगाले मानूस कायले पायजे? उचलाले पायजे." मग बसच्या खिडकीतून म्हणाल्या, "इंग्रजीले तिले जुलैत बसवजा. ध्यान ठेवजा."

मी ठेवलं. पुरवणी परीक्षेचा निकाल लागला त्या दुपारी मी त्यांना फोन केला. वैष्णवी पास झाली म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं,

"पेपरच्या वक्ती लेकरू कोनापाशी होतं?"

"सासूपाशी. फाटकाबाहेर."

"मंग दोघी पास झाल्या म्हना," नसरीन मॅडम म्हणाल्या.